बोलक्या विद्वानांचे मौन
(टोकावडे येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मुलांनी एक प्रश्न विचारला आहे आणि त्यावर मी बोलावे असे चालकांनी सुचविले. प्रश्न असा : मुंबई-पुण्याचे डावे विद्वान गाझावर बोलतात, लिहितात, मोर्चे काढतात, मग चीनमधील उइघुर मुसलमानांविषयी ते गप्प का? अफगाणिस्तानात रशियाचे रणगाडे शिरले तेव्हा ते गप्प का होते? प्रश्न चांगला आहे. कॉलेजात, नोकरीच्या ठिकाणी, आता तर हातातल्या फोनवरही तो रोज कोणी ना कोणी विचारतो, आणि त्याचे उत्तर बहुधा दोन शब्दांत उरकले जाते : "विकले गेलेत." हे उत्तर मला मान्य नाही. सर्वस्वी खोटे आहे म्हणून नव्हे, तर त्याने काहीच कळत नाही म्हणून. पैसे घेऊन गप्प बसणारा मनुष्य समजायला सोपा असतो. अवघड असतो तो, जो प्रामाणिक असतो, कष्टाळू असतो, गरिबांसाठी तुरुंगात गेलेला असतो, आणि तरीही एखाद्या ठिकाणच्या रक्तपाताविषयी त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही.

माळशेज घाटाच्या वाटेवरील टोकावड्यात बसून हंगेरी आणि अफगाणिस्तानच्या गोष्टी कशाला, असे काही पालकांच्या मनात येईल. तेव्हा आपल्या तालुक्यापासूनच सुरुवात करू.

सिद्धगड आपल्याच मुरबाड तालुक्यात आहे. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे त्या डोंगरात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. कोतवाल हे माथेरानचे, नाभिक समाजातले, शिकून वकील झालेले. 'चले जाव'चा ठराव झाल्यावर त्यांनी आझाद दस्ता उभारला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडण्याचे काम हाती घेतले. मुंबईतील कारखाने इंग्रजांच्या युद्धाला लागणारा माल तयार करीत होते, तो थांबवावा हा हेतू. दरवर्षी त्या तारखेला लोक सिद्धगडावर जमतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच.

आता याच ठाणे जिल्ह्यातील दुसरी दोन माणसे पाहा : शामराव आणि गोदावरी परुळेकर. गोदावरीबाई वकिली शिकलेल्या, सुखवस्तू घरातल्या. डहाणू-उंबरगावच्या वारल्यांमध्ये त्यांनी जे काम केले त्याला तोड नाही. वेठबिगार काय असते, लग्नाच्या कर्जापायी पिढ्यानपिढ्या सावकाराकडे राबणारा लग्नगडी काय असतो, हे त्यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाने मराठी वाचकाला दाखवले. जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद भरली ती आपल्या शेजारच्या टिटवाळ्याला. तिथे आलेले वारली परत गेले आणि त्यांनी वेठ नाकारली. तेव्हा ही माणसे भ्याड होती किंवा विकली गेली होती, असे म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही.

पण क्रम पाहा. युरोपात १९३९ साली युद्ध सुरू झाले तेव्हा कम्युनिस्ट पक्षाने त्याला साम्राज्यशाही युद्ध म्हटले आणि विरोध केला. त्या आंदोलनापायी १९४० मध्ये गोदावरीबाई तुरुंगात गेल्या. २२ जून १९४१ रोजी हिटलरने रशियावर स्वारी केली. त्यानंतर काही महिन्यांतच तेच युद्ध पक्षाच्या लेखी 'लोकयुद्ध' झाले. इंग्रज सरकार तेच होते, ठाणे जिल्ह्यातला सावकार तोच होता, बदलले ते एवढेच की रशिया इंग्रजांच्या बाजूने लढू लागला. परिणामी ८ ऑगस्ट १९४२ ला गोवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव मताला आला तेव्हा तेरा कम्युनिस्ट सभासदांनी त्याविरुद्ध मत दिले. कोतवाल मनोरे पाडत होते त्या काळात पक्षाचे कार्यकर्ते कारखाने चालू ठेवा असे कामगारांना सांगत होते.

एक गोष्ट जाता जाता सांगतो, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. गांधीजींनी त्या रात्रीच्या भाषणात ठरावाविरुद्ध मत देणाऱ्या त्या तेरा जणांचे अभिनंदन केले होते. मत पटले म्हणून नव्हे. एवढ्या प्रचंड सभेत एकटे उभे राहिले म्हणून. हल्ली असे कोणी करील काय, याचा विचार तुमचा तुम्ही करा.

मुद्दा असा की, या मंडळींना हिटलर हरला पाहिजे असे वाटणे चूक नव्हते. तो हरलाच पाहिजे होता. पण जगातल्या शोषितांचे एकमेव घर रशिया आहे, ते घर वाचले तर सारे वाचतील, अशी त्यांची श्रद्धा होती. त्या घराच्या रक्षणाआड येणारी प्रत्येक गोष्ट, मग ती आपल्याच देशाच्या स्वातंत्र्याची चळवळ का असेना, त्यांना दुय्यम वाटू लागली. मौनाची सुरुवात अशी श्रद्धेतून होते.

पुढचा प्रसंग १९५६ चा. त्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. नासरने सुवेझ कालवा ताब्यात घेतला म्हणून २९ ऑक्टोबरला इस्रायलने आणि पाठोपाठ इंग्लंड-फ्रान्सने इजिप्तवर हल्ला केला. आणि हंगेरीत जनतेने उठाव केला म्हणून ४ नोव्हेंबरला रशियाचे रणगाडे बुडापेस्टमध्ये पुन्हा घुसले. सुमारे अडीच हजार हंगेरियन मेले, दोन लाख देश सोडून पळाले, आणि पंतप्रधान इम्रे नॉज यांना पुढे जून १९५८ मध्ये फाशी देण्यात आले.

सुवेझवर भारत लगेच आणि कडक बोलला. हंगेरीवर मात्र पंडित नेहरूंचा आवाज उशिरा आणि चाचरत निघाला. ९ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांत हंगेरीत निवडणुका घ्याव्यात असा ठराव आला तेव्हा भारताने चक्क विरोधी मत दिले. सरकारचे कारण उघड होते. १९५५ च्या अखेरीस ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतात येऊन काश्मीरच्या प्रश्नावर आपल्या बाजूने बोलून गेले होते. सुरक्षा परिषदेत रशियाचा नकाराधिकार आपल्याला लागणार होता, आणि फेब्रुवारी १९५७ मध्ये तो लागलाच. सरकारांचा व्यवहार हा असाच असतो, त्याचे मला फारसे आश्चर्य वाटत नाही.

पण विद्वानांचे काय? महाराष्ट्रात ते दिवस कसे होते ते आठवा. १ नोव्हेंबर १९५६ ला, म्हणजे बुडापेस्टमध्ये रणगाडे शिरण्याच्या तीन दिवस आधी, द्वैभाषिक मुंबई राज्य आपल्या माथी आले. संयुक्त महाराष्ट्र समितीत कॉम्रेड डांगे आणि समाजवादी एस. एम. जोशी एकत्र लढत होते. आचार्य अत्रे सभा गाजवीत होते. शाहीर अमर शेख, ज्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल होते, आपल्या पहाडी आवाजाने लाखोंच्या सभा हलवीत होते. हंगेरीवर या मंडळींचे एकमत नव्हते. डांग्यांचा पक्ष रशियाच्या बाजूला होता. समाजवादी रशियाचा निषेध करीत होते आणि जयप्रकाश नारायण तर नेहरूंनाच जाब विचारत होते. पण निवडणूक दोन-चार महिन्यांवर आली होती, माणसे गोळ्यांना बळी पडली होती, मुंबई मिळवायची होती. अशा वेळी बुडापेस्टवरून आपसांत भांडायला कोणाला सवड असणार? मी त्यांना दोष देत नाही. जवळचे काम मोठे असले की दूरचे प्रेत लहान दिसते, एवढेच सांगतो.

शिवाय उपकाराची भावना. अण्णाभाऊ साठे यांचे उदाहरण घ्या. वाटेगावच्या मातंग घरातला मुलगा, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेला, मुंबईला चालत आलेला, गिरणीत राबलेला. इथल्या प्रतिष्ठित साहित्यिकांनी त्याला ओसरीवरच ठेवले. रशियाने त्याच्या कथा भाषांतरित केल्या आणि १९६१ साली त्याला सन्मानाने बोलावून घेतले. ज्या देशाने तुम्हांला प्रथम माणूस म्हणून खुर्ची दिली, त्या देशाच्या तुरुंगांविषयी तुम्ही विचाराल काय? आपण त्या जागी असतो तर विचारले असते काय? प्रामाणिकपणे उत्तर द्या.

इथे एक गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो. रशियाविरुद्ध बोलणारे सारे निःस्पृह होते, असे मुळीच नाही. मार्च १९५१ मध्ये मुंबईत सांस्कृतिक स्वातंत्र्यासाठी म्हणून विद्वानांची एक मोठी परिषद भरली होती. स्टालिनच्या छळछावण्यांविषयी तिथली मंडळी जे बोलली ते बरेचसे खरे होते. पण १९६६-६७ मध्ये उघड झाले की, ज्या जागतिक संस्थेच्या छत्राखाली हे काम चालले होते तिला अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचा पैसा येत होता. इथल्या पुष्कळांना त्याचा पत्ताही नसेल. तथापि १९५३ मध्ये इराणचे निवडून आलेले पंतप्रधान मोसद्देक यांना अमेरिकेने व इंग्लंडने कट करून खाली खेचले, त्यावर या गोटातून कितीसा आवाज उठला? डाव्यांना बुडापेस्ट दिसत नव्हते, तर यांना तेहरान दिसत नव्हते.

अपवाद होते. ऑगस्ट १९६८ मध्ये रशियाच्या फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्या आणि भारताने सुरक्षा परिषदेत निषेधाच्या बाजूने मत दिले नाही, तेव्हा केंद्रीय मंत्री अशोक मेहता यांनी राजीनामा दिला. मुंबईच्या कामगार चळवळीत वाढलेले, समाजवादी विचारांचे हे गृहस्थ. प्रागशी त्यांचा काय संबंध? मंत्रिपद गेले ते गेलेच.

आता अफगाणिस्तान. डिसेंबर १९७९ च्या अखेरीस रशियाचे सैन्य काबूलमध्ये उतरले. १४ जानेवारी १९८० ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत परकीय फौजा मागे घ्याव्यात या ठरावाला १०४ देशांनी पाठिंबा दिला, १८ विरोधात गेले, १८ तटस्थ राहिले. भारत तटस्थांत होता. आपल्याकडच्या दोन्ही प्रमुख कम्युनिस्ट पक्षांनी रशियाची बाजू उचलून धरली. शेवटचा रशियन सैनिक १५ फेब्रुवारी १९८९ ला बाहेर पडला, तोवर पन्नास लाखांहून अधिक अफगाण लोक पाकिस्तानात आणि इराणात निर्वासित झाले होते. व्हिएतनामच्या एकेका गावाचे नाव पाठ असणाऱ्या आमच्या विद्वानांना त्या दहा वर्षांत कंदाहारमधले एकही गाव सापडले नाही. त्यांचे म्हणणे असे की, मुजाहिदीनांच्या मागे अमेरिका आणि पाकिस्तान आहेत, त्यांचा विजय झाला तर मुलींच्या शाळा बंद पडतील. ही भीती खोटी ठरली नाही, हे पुढे तालिबानने दाखवून दिले. पण ज्या शेतकऱ्याच्या घरावर विमानातून बॉम्ब पडला त्याने कोणाची शाळा बंद केली होती?

या साऱ्यात एकच गोष्ट समान आहे. कुठे माणसे मारली गेल्याची बातमी आली की पहिला प्रश्न 'कोण मेले' हा असावा. हे लोक पहिला प्रश्न विचारतात तो 'मी बोललो तर फायदा कोणाचा होईल?' हंगेरीवर बोललो तर अमेरिकेचा. अफगाणिस्तानवर बोललो तर पाकिस्तानचा. उइघुरांवर बोललो तर पुन्हा अमेरिकेचा. हिशोब दर वेळी जुळतो, आणि दर वेळी तोंड बंद राहते.

पालकहो, आता मी जे बोलणार आहे ते काहींना रुचणार नाही. हा हिशोब फक्त डावे मांडतात काय?

१९७१ साली पूर्व बंगालात पाकिस्तानी लष्कराने कत्तल केली. एक कोटी माणसे भारतात पळून आली. मारणारे मुसलमान होते आणि मेलेल्यांतही मुसलमान असंख्य होते. त्या वेळी डावे बोलले, समाजवादी बोलले, जयप्रकाश देशोदेशी फिरले. आपल्या समाजातील पुष्कळ वजनदार माणसे मात्र गप्प राहिली. का? बोललो तर फायदा कोणाचा होईल, हाच विचार.

१६ मार्च १९८८ ला इराकच्या हलब्जा गावावर सद्दामच्या विमानांनी विषारी वायू सोडला. सुमारे पाच हजार कुर्द माणसे, बायका, मुले जागच्या जागी मेली. सारे मुसलमान. त्या वेळी सद्दामला रशिया शस्त्रे देत होता, फ्रान्स विमाने देत होता, आखातातले श्रीमंत देश पैसे देत होते, आणि इराणवरच्या रागापोटी अमेरिका त्याला सांभाळून घेत होती. म्हणजे बोलायला कोणीच उरले नाही. डावे गप्प, उजवे गप्प, आणि आपणही गप्प. दोन वर्षांनी, २ ऑगस्ट १९९० ला, त्याच सद्दामने कुवेत गिळला तेव्हा त्याच्या तसबिरी आपल्याकडे काही भिंतींवर लागल्या. आणि त्याच वेळी कुवेतमधून एक लाख सत्तर हजारांवर भारतीय हातातली पिशवी घेऊन विमानाने परत येत होते. त्यांत आपल्या कोकणी मुसलमान घरांतले किती कर्ते मुलगे होते, हे जुन्या माणसांना विचारा.

आखाताचे नाव निघाले म्हणून आणखी एक. ज्याचा मुलगा सौदीला किंवा दुबईला आहे तो बाप येमेनविषयी चहाच्या हॉटेलात मोठ्याने बोलत नाही. मार्च २०१५ पासून सौदी आणि त्याच्या मित्रदेशांनी तिथे बॉम्बफेक केली. युद्ध, भूक आणि रोगराई मिळून २०२१ अखेरपर्यंत सुमारे ३ लाख ७७ हजार माणसे दगावली असावीत असा संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा अंदाज आहे. त्या बापाला येमेनच्या मुलांची कणव नाही असे मी म्हणणार नाही. घराचा हप्ता त्या पगारावर चालतो, बहिणीचे लग्न त्यावर ठरते. भीतीही आहे आणि खाल्ल्या मिठाची आठवणही आहे. अण्णाभाऊंच्या मनातली गोष्ट यापेक्षा फार वेगळी होती असे मला वाटत नाही.

आणि आता मुलांच्या मूळ प्रश्नाकडे, उइघुरांकडे येतो. ऑगस्ट २०२२ च्या अखेरच्या दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने शिंजियांगवर अहवाल काढला. तिथल्या मुसलमानांना मोठ्या प्रमाणावर डांबून ठेवले गेले, तो प्रकार मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरू शकतो, असे त्यात म्हटले आहे. ६ ऑक्टोबर २०२२ ला मानवी हक्क परिषदेत प्रश्न आला तो निषेधाचा नव्हे. या अहवालावर नुसती चर्चा करावी काय, एवढाच. बाजूने १७, विरोधात १९, तटस्थ ११. चर्चासुद्धा झाली नाही. विरोधात मत देणारे कोण? चीन आणि क्यूबा तर होतेच. पण त्यांच्या सोबत पाकिस्तान होता, इंडोनेशिया होता, कतार होता, संयुक्त अरब अमीरात होते, उझबेकिस्तान होता. मलेशिया तटस्थ, भारत तटस्थ. डावे यावर बोलत नाहीत ही तक्रार मला मान्य आहे. चीनविषयीची जुनी निष्ठा आणि अमेरिकेविषयीचा जुना संशय, दोन्ही मिळून त्यांची जीभ जड झाली आहे. पण इस्लामाबाद आणि दोहा यांची जीभ कशाने जड झाली, हा प्रश्न आपण त्यांच्या आधी विचारला पाहिजे. उत्तर रस्ते, बंदरे आणि कर्जे यांत सापडेल.

डाव्यांच्या बाबतीत आणखी एक न्याय्य गोष्ट सांगितली पाहिजे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत आपल्यावर जे गुदरले, त्या वेळी झोपडपट्ट्यांत जाऊन साक्षी गोळा करणाऱ्यांत याच विचारांची मंडळी पुढे होती. निवृत्त न्यायमूर्ती दाऊद आणि होस्बेट सुरेश यांनी लोकांसमोर केलेली चौकशी १९९३ मध्येच प्रसिद्ध झाली. आणि गाझाचे म्हणाल, तर जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर त्यासाठी सभा घेऊ द्या म्हणून मुंबई उच्च न्यायालयात गेले ते मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे लोक. न्यायालयाने अर्ज फेटाळला आणि आधी आपल्या देशातले प्रश्न पाहा असे सुनावले. म्हणजे दूरच्या माणसाविषयी बोलले तर 'इथले पाहा', आणि न बोलले तर 'गप्प का'. दोन्हीकडून मार खाणाऱ्याविषयी थोडी सहानुभूती ठेवायला हरकत नाही.

विद्यार्थी मित्रहो, वक्तृत्व स्पर्धेत तुम्हांला असे विषय मिळतात आणि तुम्ही आवेशाने बोलता. टाळ्या मिळतात. मला टाळ्यांचे वावडे नाही. पण पुढच्या वर्षीच्या स्पर्धेआधी एक काम करून पाहा. ६ ऑक्टोबर २०२२ च्या त्या मतदानातील ४७ देशांची यादी मिळवा, फोनवर मिळेल. इतिहासाच्या शिक्षकांना बरोबर घ्या आणि भिंतीवरच्या नकाशात एकेक देश शोधा. प्रत्येकापुढे लिहा की त्याने काय मत दिले, चीनशी त्याचा व्यवहार काय, आणि तिथे मुसलमान किती. तीन-चार शनिवार लागतील. त्या यादीत चर्चेच्या बाजूने मत देणारा एक गरीब, यादवीने पोखरलेला मुसलमान देश तुम्हांला सापडेल, सोमालिया. बाकीच्या श्रीमंत देशांना जमले नाही ते याला कसे जमले, हे शोधून काढा आणि मला पत्राने कळवा.